लायलच्या ड्रिल प्रेसचा दांडा

"येत्या शनिवारी, जत्रेत, सगळ्यांच्या देखत, मी माझ्या यंत्राने इंचभर जाड लोखंडाला आरपार भोक पाडणार!"

लायल ब्रुकनरने ही घोषणा केली ती पेट्रोल पंपावरच्या कॉफीच्या टेबलाशी, आणि तीही उभं राहून! विस्कॉन्सिनमधल्या त्या गावात रोज सकाळी या टेबलाशी जी मंडळी जमत, त्यांतल्या प्रत्येकाची नखं काळी होती. कुणी गाई पाळणारा, कुणी ट्रॅक्टर दुरुस्त करणारा, कुणी घरांवर छपरं घालणारा. लायलने मात्र विमा कंपनीत बसून जन्मभर सह्या केल्या होत्या. निवृत्त झाल्यावर तो या टेबलाशी येऊन बसायला लागला खरा, पण गप्पा गिअरबॉक्सवर आल्या की कुणीतरी हमखास म्हणायचं, "लायल, जरा ती साखर सरकव." हे त्याला लागायचं. फार लागायचं. आपल्यालाही एकदा कुणीतरी हातांनी काम करणारा माणूस म्हणावं, एवढीच त्याची आयुष्यात इच्छा उरली होती.

"भोक? आणि तू?" गाईवाला डेल्मर कोलस्टाड म्हणाला. "लेका, तू हातोडी उचललीस की शेजारी आपली कुत्री घरात घेतात!"

"शनिवारी ये आणि बघ!"

"येणारच! लोखंडाची पट्टीसुद्धा मीच आणतो. उगाच पुठ्ठ्याला भोक पाडून दाखवशील!"

हे यंत्र म्हणजे एक उभा ड्रिल प्रेस. माणसापेक्षा उंच, लायलच्या पणजोबांच्या काळातला, बंद पडलेल्या कारखान्याच्या लिलावात उचललेला. तो गॅरेजमध्ये आला आणि गाडी बाहेर गेली, ती पावसापाण्यात, बर्फात बाहेरच राहिली. नातवंडांच्या डुंबायच्या प्लास्टिकच्या हौदात सोड्याचं पाणी भरून, त्यात विजेची तार सोडून लायलने गंज काढला. तेव्हापासून नातवंडं आजीला फोनवरच भेटायला लागली.

सल्ला द्यायला इंटरनेटवर जुन्या यंत्रांच्या भक्तांचा एक अख्खा संप्रदाय होता. त्यांचा मुख्य पुजारी गस. यंत्राचा मूळ रंग पावसाळी करडा की उंदरी करडा, यावर गसने पूर्ण हिवाळा वाद चालवला आणि त्यात दोन सख्ख्या भावांचं बोलणं बंद झालं. या संप्रदायात भोक पाडण्याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नसे. तो विषय जरा हलका समजला जाई.

"मला स्वयंपाकघरात एक फळी बसवायची आहे," लायलची बायको आर्डिस अधूनमधून म्हणे. "चार भोकं हवीत."

"आर्डिस, हे यंत्र फळ्यांसाठी नाही!"

"मग कशासाठी आहे?"

या प्रश्नाला लायलकडे उत्तर होतं, पण ते बायकोला सांगण्यासारखं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी फक्त एक काम राहिलं. यंत्राचा मधला दांडा, जो फिरतो आणि भोक पाडतो, तो बेअरिंगमध्ये बसत नव्हता. गसने सांगितलं, "दांडा फ्रीझरमध्ये ठेव, तो आक्रसेल. बेअरिंग ओव्हनमध्ये ठेव, ते फुगेल. मग एक आत दुसरं, आपोआप!" लायल खूश झाला. उघड्या दांड्यावर दव धरून पुन्हा गंज चढायला नको, म्हणून त्याने तो खाटकाच्या पांढऱ्या कागदात घट्ट गुंडाळला, चिकटपट्टी लावली आणि हाताला असलेल्या सवयीने वर मार्करने तारीखही घातली. मग तळघरातल्या मोठ्या फ्रीझरमध्ये ठेवून दिला आणि आरामखुर्चीत जरा डोळे मिटले.

आता, त्या फ्रीझरमध्ये होतं काय? अर्धं डुक्कर! त्या भागात दरवर्षी शेतकऱ्याकडून अर्धं डुक्कर घ्यायची पद्धत. त्याचे तुकडे, चॉप, सॉसेज, सगळं खाटकाच्या पांढऱ्या कागदात, वर तारीख घातलेलं.

संध्याकाळी लायलने तापलेलं बेअरिंग हातमोज्यांनी ओव्हनमधून काढलं आणि तो तळघरात धावला. पहिलं पुडकं फाडलं. सॉसेज! दुसरं फाडलं. सॉसेज! तिसऱ्यात बरगड्या! आर्डिस खाली आली तेव्हा नवरा अर्ध्या डुकराच्या मधोमध फतकल मारून बसला होता.

"लायल! भूक लागली असेल तर सांगायचं तरी!"

"दांडा! माझा दांडा कुठाय?"

"कसला दांडा? मी फक्त एक लांबडं सॉसेज काढलं. अग्निशमन दलाच्या सोडतीला दिलं. त्यांना नवा पाईप घ्यायचाय ना."

"ते तुला जड नाही लागलं?"

"लागलं की! म्हटलं, या वर्षी डुक्कर चांगलं पोसलं होतं."

दर शुक्रवारी गावातल्या बारमध्ये मांसाची सोडत निघते. आकडे लिहिलेल्या लाकडी फळ्या विकत घ्यायच्या, चाक फिरवायचं, आकडा लागला की हवं ते पुडकं उचलायचं. लायल पोचला तेव्हा दांडा टेबलावर बेकन आणि कोंबड्यांच्या मध्ये निवांत पडला होता. "अहो, तो माझ्या ड्रिलचा दांडा आहे" एवढं एक वाक्य बोलायचं होतं. पण समोर अख्खं कॉफीचं टेबल बसलेलं! उद्या भोक पाडणारा माणूस आज आपलं यंत्र मांसात शोधतोय, हे कुणापुढे कबूल करायचं?

त्याने गुपचूप फळ्या घेतल्या. चाक फिरलं आणि नशीब असं उघडलं की विचारू नका! जिंकला! पण हात पुढे करण्याआधीच बारवालीने एक अख्खा हॅम त्याच्या कुशीत कोंबला. पुन्हा जिंकला! "या वेळी ते सॉसेज..." म्हणेपर्यंत कुणीतरी दोन कोंबड्या वर ठेवल्या. मग बेकन. शेवटी लायल नाकापर्यंत मांसात बुडालेला असताना चाक थांबलं डेल्मरच्या आकड्यावर. डेल्मरने उचललं ते नेमकं लांबडं पुडकं!

"डेल्मर, बाबा, हा हॅम घे आणि ते मला दे."

"का रे? तुझ्याच घरचं सॉसेज आहे हे. आर्डिसनेच आणून दिलं."

"हॅम आणि कोंबड्या!"

डेल्मरचे डोळे बारीक झाले. "एका सॉसेजसाठी? आर्डिस यात घालते तरी काय?"

"बेकनपण घे!"

"आता तर मुळीच देणार नाही! उद्या सकाळी माझे व्याही न्याहारीला यायचेत. मसाला चोपडून रात्रभर धुरावर ठेवतो." आणि पुडकं काखेत मारून तो गेला.

शनिवारी जत्रेच्या मांडवात लायलचा ड्रिल प्रेस उंदरी करड्या रंगात लखलखत उभा होता. मधोमध भलंमोठं रिकामं भोक. जुन्या यंत्रांच्या स्पर्धेचा परीक्षक म्हणून आलेला गस आपल्या भक्तांसह यंत्राभोवती हळूहळू फिरला. रंग हुंगला, बोल्ट मोजले, काम ठेवायच्या सपाट पाट्यावर गाल टेकवून पाहिला. ड्रिलमध्ये ड्रिल नाही हे एकाच्याही लक्षात आलं नाही! निळी फीत, म्हणजे पहिला नंबर, गसच्या हातात आली तेवढ्यात डेल्मर मांडवात घुसला. मागे कॉफीचं सगळं टेबल.

"लायल! व्याह्यांचा दात गेला! अंधारात मसाला चोपडला, वाटलं गोठलंय म्हणून कडक आहे!" असं ओरडून त्याने दांडा यंत्राच्या पाट्यावर आदळला. रात्रभर धुरावर राहून त्यावर तांबूस, चकचकीत, जाड थर चढला होता.

गसने टोपी काढली.

"मूळचा थर!" तो पुटपुटला. "शंभर वर्षांचा! कुणाचाही हात न लागलेला!"

"अहो, तो मसाला आहे," डेल्मर म्हणाला. "मध आणि मोहरी."

"सामान्य माणसाला तसंच वाटतं," गस मायेने म्हणाला.

डेल्मरने बगलेतली लोखंडाची पट्टी पुढे केली. "ते राहू दे. लायल, दात गेला तो गेला. घाल तो दांडा आत आणि पाड भोक. आम्ही थांबतो."

"खबरदार!" गस किंचाळला. "या थरावर ओरखडा उठला तर फीत परत घेईन! खरी यंत्रं वापरायची नसतात!"

लायलने पट्टीकडे पाहिलं. कॉफीच्या टेबलाकडे पाहिलं. काळ्या नखांचे हात बांधून सगळे थांबले होते, आणि खरं सांगायचं तर आज पहिल्यांदाच कुणी हसत नव्हतं. मग त्याने फितीकडे पाहिलं. निळी, रेशमी, वर सोनेरी अक्षरं.

त्याने फीत घेतली.

डेल्मरने पट्टी पुन्हा बगलेत मारली आणि सगळे तळलेल्या चीजच्या गाडीकडे निघून गेले. भक्तगण पुढच्या यंत्राचे बोल्ट मोजायला गेला. लायल छातीवर फीत लावून एकटाच यंत्रापाशी उभा राहिला. थोड्या वेळाने कुणाचा तरी शिकारी कुत्रा वास काढत आला, पुढचे पाय पाट्यावर टेकले आणि शंभर वर्षांचा थर मन लावून चाटायला लागला.

"हाड! हाड!" लायल ओरडला. पण थराला धक्का लागेल या भीतीने त्याला दांडा उचलता येईना.

"चाटू दे रे," मागून आर्डिस म्हणाली. "तुझं यंत्र कुणाच्या तरी उपयोगी पडतंय!"