सासूबाईंच्या रिकाम्या ओळी

"दहा मिनिटांचं काम आहे, बाबा! तुम्ही दाढी करून या, तोवर झालेलं असेल!"

सकाळी दहाच्या सुमारास जावयाने सासऱ्यांना हे ठणकावून सांगितलं. जावई आणि त्याची बायको वरच्या मजल्यावर राहायचे, सासू-सासरे खालच्या. कुणी घरजावई म्हटलंच तर तो त्याला लगेच बाहेरून जाणारा वेगळा जिना दाखवायचा. संगणकाचे प्रोग्राम लिहिणं हा त्याचा धंदा, आणि आपल्या धंद्यातलं कुठलंही काम दहाच मिनिटांचं असतं अशी त्याची श्रद्धा होती.

सासरे आयुष्यभर जहाजावर वायरलेस ऑपरेटर होते. संदेश म्हणजे अक्षरं, बाकी सगळी झालर, हे त्यांचं ठाम मत. स्मार्टफोनला ते 'पुसायची पाटी' म्हणत आणि हात लावत नसत. घरच्यांचा गप्पांचा ग्रुप ते एका जुन्या लॅपटॉपवर, निव्वळ अक्षरं दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये वाचत. काळाकुट्ट पडदा, त्यावर पांढरी अक्षरं. फोटो नाहीत, हसरे चेहरे नाहीत, काही नाही.

पण बाकीचं कुटुंब हौशी! फोनवर प्रत्येकाने आपल्या अक्षरांना रंग निवडला होता. धाकटीचा, म्हणजे जावयाच्या बायकोचा, हिरवा. थोरलीचा जांभळा. थोरलीच्या नवऱ्याचा, म्हणजे साडूचा, लालभडक. सासूबाई म्हणाल्या होत्या, "मला नाही बाई ते रंगीबेरंगी जमायचं," आणि त्यांनी काळा घेतला होता. फोनच्या पांढऱ्या पडद्यावर तो छान ठसठशीत दिसायचा. हे रंग आकड्यांच्या रूपाने प्रवास करायचे, आणि सासऱ्यांच्या प्रोग्रामला ते उमगत नसल्यामुळे त्यांना प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला टोपीसारखी एक खूण आणि आकडे दिसायचे. हिरव्याला तीन, लालला चार, जांभळ्याला सहा आणि काळ्याला एक.

"माझी बायको एक नंबर आहे हे मला ठाऊक आहे," सासरे कुरकुरले. "पण प्रत्येक ओळीत कशाला सांगते?"

म्हणून जावयाने मध्ये एक छोटासा प्रोग्राम बसवायचं ठरवलं. तो आकडा उचलणार आणि काळ्या पडद्याला कळेल असा रंग त्या जागी लावणार. आता एवढा उत्साह जावयाला कुठून आला, असं कुणी विचारेल. त्याचं कारण भिंतीत होतं.

झालं असं, की थोरलीच्या बाळंतपणासाठी सासूबाई महिनाभर दुसऱ्या गावी गेल्या, आणि त्यांच्या पाठोपाठ खालच्या मजल्यावरचं इंटरनेटही गेलं. वरून खाली केबल आणायची तर भिंतीतल्या नळीतून ओढावी लागणार, आणि ओढायला दोरी हवी. दोरी कुठे मिळेना. मिळाली ती सासूबाईंच्या टोपलीतली राखाडी लोकर. तिचं एक टोक लोंबत होतं. दुसरं टोक कुठे आहे, हा विचार जावयाने केला नाही. त्याने टोपली वर नेली, सुया टोचतील म्हणून काढून बाजूला ठेवल्या, लोंबत्या टोकाला एक नट बांधला आणि नळीत सोडला.

"नट दिसला की थांबा!" तो वरून ओरडला.

सासरे थांबले नाहीत. त्यांना ऐकूच गेलं नाही. येतंय, येतंय, असं म्हणत ते दोन्ही हातांनी जाळं ओढल्यासारखी लोकर ओढत राहिले. जावई केबलचा गुंता सोडवत होता. त्याने मागे वळून पाहिलं तेव्हा टोपलीत सासूबाईंनी विणलेल्या पाठीचा आणि दीड बाहीचा पत्ता नव्हता! अर्धवट विणलेल्या स्वेटरची एक पुढची बाजू तेवढी शिल्लक होती. सासऱ्यांच्या पायाशी शेवयांसारखी कुरळी रास पडली होती आणि मधली काही हात लोकर तुटून नळीत अडकली होती. ती आजही तिथेच आहे; केबल शेवटी खिडकीतून आणली.

दोघांनी शपथ घेतली. स्वेटर गल्लीतल्या विणकाम शिकवणाऱ्या बाईंकडे गुपचूप पोचला. त्या म्हणाल्या, पंधरा दिवस लागतील. सासूबाई यायला पंचवीसेक दिवस होते. म्हणजे तोंड बंद ठेवलं की काम फत्ते!

जावयाला सासऱ्यांचं तोंड बंद राहणं फार गरजेचं होतं, आणि त्यासाठी सासरे खूश राहायला हवे होते. हे लग्न सासूबाईंच्या मनाविरुद्ध झालेलं. सात वर्षांपैकी पहिली पाच त्यांनी जावयाशी कामापुरतं बोलून काढली. थोरला जावई त्यांचा लाडका. बोलणं, खाणं, विणणं, सगळं त्याच्यासाठी. हा स्वेटरही त्याचाच असणार, हे उघड होतं. खरं सांगायचं तर साडूची पाठ उसवली गेल्याचं दुःख जावयाने पोटात ठेवलं होतं आणि ते तिथे फारशी जागा व्यापत नव्हतं. पण गेल्या दोन वर्षांत सासूबाई जरा विरघळल्या होत्या. परवा तर त्यांनी ग्रुपवर चक्क विचारलं होतं, 'जावईबापूंचा खोकला कसा आहे?' एवढ्या कष्टाने उघडलेलं दार लोकरीच्या धाग्याने बंद व्हावं, हे त्याला परवडणारं नव्हतं.

असो. तर दहा मिनिटांचं काम साडेअकराला संपलं. आधी ओळीच्या शेवटी रंग थांबवायची सूचना द्यायला तो विसरला. साडूचा लाल निरोप आला आणि त्याखालचं सगळं लाल झालं. धाकटीचा, थोरलीचा, अगदी तळाचं घड्याळसुद्धा!

"सगळे माझ्यावर चिडलेत का?" सासऱ्यांनी विचारलं.

"नाही हो, बाबा. गळती आहे. आत्ता थांबवतो."

गळती थांबली. हिरवा हिरवा दिसला, जांभळा जांभळा, लाल लाल. सासूबाई तेव्हा नातवाला आंघोळ घालत होत्या, त्यामुळे त्यांचा निरोप काही आला नाही.

"झकास!" सासरे म्हणाले. त्यांच्या तोंडून हा शब्द जावयाने पहिल्यांदाच ऐकला होता. तो छाती पुढे काढून वर गेला, फोन मुका केला आणि ऑफिसच्या मीटिंगमध्ये जाऊन बसला.

पाऊण तासाने फोन थरथरला. बायको. त्याने कापला. पुन्हा थरथरला. पुन्हा कापला. तिसऱ्यांदा त्याने मीटिंगला 'जरा पाणी पिऊन येतो' असं सांगितलं.

"अरे, बाबांना काय झालंय?" ती तिच्या ऑफिसमधून कुजबुजत होती. "खाली जाऊन बघ आधी! त्यांना ताप आहे का बघ!"

"ठणठणीत आहेत. आत्ताच रंग लावून आलो."

"कसला रंग? ऐक. मी वाचून दाखवते. आई लिहिते, 'बाळाने आज डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.' बाबा काय उत्तर देतात? 'मला माफ कर, तुझी छत्री मीच हरवली'!"

"छत्री?"

"आई विचारते, 'कुठली छत्री?' बाबा म्हणतात, 'बरं, दोन्ही छत्र्या.' आई म्हणते, 'अहो, तुम्ही जेवलात ना?' तर बाबा लिहितात, 'तुझा अबोला मला सहन होत नाही. तुझ्या भावाला आमंत्रणाचं पत्र मी टाकलंच नव्हतं. ते माझ्या कोटाच्या खिशात राहिलं होतं.' अरे, त्या आमंत्रणावरून आई आणि मामा अकरा वर्षं बोलत नाहीत!"

जावयाच्या डोक्यात काहीतरी हललं, पण अजून पुरतं जागं झालं नव्हतं. "मग फोन करा ना त्यांना!"

"आईला कसा करणार? बाळ झोपलंय म्हणून ताईने त्या घरातले सगळे फोन मुके केलेत. नुसतं लिहायचं, बोलायचं नाही. आणि बाबा फोनला हात लावतात का? थांब, आणखी एक आलं. 'तू गायला बसतेस तेव्हा माझं कानातलं यंत्र बिघडत नाही. मी ते बंद करतो.' देवा! आईने नुसतं उद्गारचिन्ह पाठवलंय."

"आईंचा रंग कुठला गं?" जावयाने एकदम विचारलं.

"काळा. आत्ता हे काय मध्येच?"

काळा! काळ्या पडद्यावर काळा! जावयाच्या प्रोग्रामने सासूबाईंचा एक नंबर इमानेइतबारे उचलला होता, त्या जागी इमानेइतबारे काळा रंग लावला होता, आणि सासऱ्यांना पाऊण तास नुसतं 'आई' हे नाव, त्यापुढे दोन टिंबं आणि मग काहीच दिसत नव्हतं. आणि चाळीस वर्षं संसार केलेल्या माणसाला बायकोची रिकामी ओळ कधी रिकामी वाटत नाही.

"ए, आणखी आलं," बायको म्हणाली. "'आता एकच राहिलं. पण त्यात मी एकटा नाही.' म्हणजे कोण रे?"

जावई उत्तर द्यायला थांबला नाही. बाहेरचा जिना त्याने चार उड्यांत उतरला.

सासरे लॅपटॉपसमोर ताठ बसले होते. डोळे ओले, दोन बोटं की-बोर्डवर. पडद्यावर लिहिलेलं होतं: 'तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी आणि जावईबापूंनी'

"बाबा, थांबा! आई बोलतायत!"

"नाही बोलत," सासरे म्हणाले. "दर वेळी नुसतं नाव पाठवते. सहा वेळा पाठवलं. तुम्हाला नाही कळायचं, जावईबापू. तुमच्या लग्नाला सातच वर्षं झालीत."

"अहो, त्यांची अक्षरं काळी आहेत! पडदा काळा आहे! चूक माझी आहे! उठा, दोन मिनिटांत दाखवतो!"

"संदेश पुरा झाला की उठतो."

"नंतर पुरा करा!"

"जावईबापू," सासरे गंभीरपणे म्हणाले, "पस्तीस वर्षांत मी एकही संदेश अर्धा सोडलेला नाही. वादळात नाही, आगीत नाही."

"आग लागली होती?"

"स्वयंपाकघरात. छोटी होती." त्यांचं बोट 'स' शोधू लागलं.

"बाबा, तुमच्या पाया पडतो! आपली शपथ!"

"शपथेने काय होतं? तिला आधीच कळलेलं आहे. नाहीतर ती गप्प का?" आणि त्यांनी दोन बोटांनी, एकही वेलांटी न चुकता, सगळं लिहिलं. नळी लिहिली, नट लिहिला, काढून ठेवलेल्या सुया लिहिल्या, विणकामाच्या बाईही लिहिल्या. 'पाठ आणि दीड बाही,' असा नेमका हिशेबही दिला. मग कळ दाबली, आणि मन हलकं झाल्यासारखे उठून खुर्ची जावयाला दिली.

"बसा. आता करा काय करायचं ते."

आता करण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. जावयाने एक ओळ बदलली: काळा आला तर पांढरा दाखव. खरोखर दहा सेकंदांचं काम! प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू केला, आणि सासूबाई एकदम पडद्यावर अवतरल्या. बाळाने डोळे उघडले होते. मग, 'कुठली छत्री?' मग, 'अहो, तुम्ही जेवलात ना?' मग मामांच्या पत्रावर, 'आत्ताच्या आत्ता त्याला निरोप पाठवते. तुमच्याशी घरी आल्यावर बोलते.' मग ते उद्गारचिन्ह. मग, 'एकटा नाही म्हणजे? कोण कोण आहे?'

सासऱ्यांनी चष्मा पुसला. एकेक ओळ वाचली. पुन्हा वरून खाली वाचली.

"म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "ती चिडलेलीच नव्हती?"

"नव्हती, बाबा."

"मी उगाच सांगितलं?"

"उगाच."

"आता चिडली असेल?"

पडद्यावर नवी ओळ आली. पांढरीशुभ्र, स्पष्ट, एका नजरेत वाचता येणारी. आजच्या दिवसात पहिल्यांदाच जावयाला वाटलं, काळं काय वाईट होतं?

'स्वेटर कुणाचा होता ते विचारलंत का दोघांनी?'

"थोरल्या जावयांचा," जावई पुटपुटला. सासऱ्यांनी तसंच लिहिलं. दोन बोटांनी. त्याला दोन मिनिटं लागली, आणि त्या दोन मिनिटांत जावयाने पुढची पाच वर्षं कशी जातील ते मनात पाहून घेतलं. पुन्हा कामापुरतं बोलणं.

उत्तर आलं. 'थोरल्यांचे पाच झालेत. हा धाकट्यांचा होता. मापाला या म्हणून सांगायला मला अवघड वाटलं, म्हणून दोरीवर वाळत घातलेल्या त्यांच्या शर्टावरून माप घेतलं होतं. खोकला जात नाही म्हणून गळ्याशी दुहेरी विणणार होते.'

सासऱ्यांनी भिंतीकडे पाहिलं, मग जावयाकडे पाहिलं.

"उबदार असेल हो नळी," ते म्हणाले.

साडूची समजून जावयाने ज्या पाठीचं दुःख केलं नव्हतं, ते सगळं आता एकदम आलं. मग त्याने स्वतः की-बोर्ड ओढून घेतला आणि सासऱ्यांच्या नावाखालीच लिहिलं, 'आई, मी लिहितोय. चुकलं. तुमची काळी अक्षरं बाबांना काळ्या पडद्यावर दिसतच नव्हती.' वर मीटिंगमधले लोक त्याचं पाणी पिऊन होण्याची अजून वाट पाहत होते.

पडद्यावर धाकटीच्या हिरव्या चार ओळी सरकल्या. त्यात निव्वळ हसणं होतं. साडूने लाल अक्षरांत, 'हवा तर माझ्यातला एक घ्या' असं उदारपणे सुचवलं. आणि मग त्या सगळ्यांच्या खाली सासूबाईंची ओळ आली.

'त्या बाईंकडून उरलेलं परत आणून ठेवा, मी आल्यावर बघते. इथे लोकरीचं चांगलं दुकान आहे. कुठला रंग आणू ते जावईबापूंना विचारून कळवा. काळा मात्र सांगू नका म्हणावं, तो तुम्हाला दिसत नाही.'