वीस घोडे आणि धोंड्याचा जावई

मोटरसायकल घेताना मी एकच आकडा पाहिला. वीस बीएचपी, म्हणजे वीस घोड्यांची ताकद. मायलेज बायकांनी बघावं, पुरुषानं घोडे बघावेत (असं मला मोबाइलवरच्या एका दाढीवाल्यानं सांगितलं). हर्षालीला म्हणजे बायकोला स्कूटर हवी होती.

"ऑफिस चौकात आहे आपलं. तिथवर जायला वीस घोडे कशाला? एक गाढव रोज जातंच की चालत," ती म्हणाली.

तरीही मी घोडे आणले. महिनाभरात तिला पटले नाहीत तर ते विकून स्कूटर घ्यायची, असा तह झाला.

तेवढ्यात धोंड्याचा महिना लागला आणि ढोकीहून सासऱ्यांचं बोलावणं आलं. या महिन्यात जावई म्हणजे देव. त्याला पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे आणि तो जे काही बोलेल त्याला मान डोलवायची. एरवी ऑफिसात माझ्या बोलण्याला पंखासुद्धा मान डोलवत नाही, त्यामुळे मी जरा फुगलोच.

जेवणानंतर सासरे, गोरोबामामा, म्हणाले, "हिरीतली मोटर बिघडलीया. बैलं जुपून वर काढतो. तुमी पडा जरा."

पडलो असतो तर बरं झालं असतं.

"मामा, बैल कशाला? माझ्या गाडीत वीस घोडे आहेत!"

"वीस?"

"पंचाहत्तर किलो वजन एका सेकंदात एक मीटर वर उचललं की तो एक घोडा. तुमची मोटर आणि पाइप मिळून दीडशे किलो. दोन घोडे पुरे झाले. बाकीचे अठरा सावलीत बसतील."

मामांनी बैलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बरं. धोंड्याच्या महिन्यात जावयाला न्हाय म्हणू न्हाय."

हर्षाली मात्र लगेच म्हणाली, "मोटर वर आली, तर स्कूटरचं नाव काढणार नाही. नाही आली, तर उद्याच गाडी विकायची." सगळ्यांसमोर म्हणाली. मला मागं हटता येईना.

विहिरीच्या कप्पीवरून आणलेला दोर गाडीच्या मागं बांधला. निम्मं गाव जमलं. आता एक बारीक गोष्ट सांगायची राहिली. हे घोडे इंजिनाच्या मिनिटाला साडेनऊ हजार फेऱ्यांना जागे होतात, त्याआधी बहुतेक पेंगतच असतात. शिवाय कंपनी मोजते तेव्हा बंद खोलीत इंजिन घट्ट बांधून, त्याच्या दांड्याला ब्रेक लावून मोजते. त्या खोलीत चेन नसते, काळी माती नसते आणि सासरवाडी तर नसतेच. हे सगळं मला पाठ होतं. म्हणूनच मी सगळे घोडे एकदम उठवायचे ठरवले.

अॅक्सिलरेटर पिळला. गाडी किंचाळली, कोंबड्या पळाल्या. मी क्लच सोडला.

मोटर तसूभर हलली नाही. गाडी मात्र निघाली, खालच्या दिशेनं! मागचं चाक माती उधळत रुतत गेलं आणि त्यातली बरीचशी माती सासूबाईंच्या नव्या लुगड्यावर गेली. जळक्या क्लचचा वास सुटला.

"जावईबापू," मामा अदबीनं म्हणाले, "तुमी दुसरी हीर पाडताय जणू."

मी उतरायला गेलो आणि त्याच खड्ड्यात आडवा झालो. कुणी हसलं नाही. धोंड्याचा महिना ना! सगळ्यांनी तोंडात पदर आणि उपरणी कोंबली होती. त्यापेक्षा हसले असते तर बरं वाटलं असतं.

मग बैलांनी मोटर वर काढली. नंतर गाडी. सासूबाई ओवाळायचं ताट घेऊन आल्या. आधी बैलांना ओवाळलं, मग थोडा विचार केला आणि मला.

दुसऱ्या दिवशी धाराशिवला आमच्या घरी गाडी बघायला गिऱ्हाईक आलं. पुढून पाहिलं, मागून पाहिलं. म्हणालं, "वैनी, गाडी तर नवीच दिसतीया. मग का इकताय? काय खोट हाय का?"

"गाडीत काही खोट नाही, भाऊ," हर्षाली म्हणाली. "खोट होती ती मी घरातच ठेवून घेतलीय."