खाकी कागदाची परीक्षा

आमच्या मजल्यावरचे कदम काका कुठलाही पदार्थ तोंडात घालण्याआधी त्याची तपासणी करतात. शर्टाच्या खिशात खाकी कागदाचे चौकोनी तुकडे ठेवलेले असतात. पदार्थ कागदावर दाबायचा, वीसपर्यंत आकडे मोजायचे आणि कागद उजेडाकडे धरायचा. तेलाचा डाग दिसला की निकाल लागला, "रिजेक्ट!" अंबरनाथच्या एका कारखान्यात त्यांनी माल तपासण्यात तीस-बत्तीस वर्षं काढली. तिथे नटबोल्ट परत पाठवायचे, आता इथे बेलवलीत आमची भजी परत पाठवतात.

बरं, माणसानं कुठे थांबावं? सोसायटीच्या सत्यनारायणाला मी साजूक तुपातला शिरा केला होता. गुरुजी समोर बसलेले, आणि काकांनी प्रसादाची मूद कागदावर ठेवली! कागदातून पलीकडचं दिसायला लागलं. काकांनी आधी देवाला हात जोडले, मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "सुनीता, राग मानू नकोस. अख्खा लॉट गेला." मी मानला. चांगला आठवडाभर मानला.

तळमजल्यावरच्या औषधवाल्यानं एकदा त्यांना छेडलं, "काका, अंड्याच्या बलकाचा डाग पडत नाही, पण कोलेस्ट्रॉल असतं त्यात." काका म्हणाले, "ते दुसऱ्या खात्याचं काम." बलक मात्र त्या दिवसापासून बंद झाला.

काकांना कोलेस्ट्रॉल आहे हे अख्ख्या बिल्डिंगला पाठ. जिन्यात गाठून तेच सांगतात ना! यात हाल व्हायचे ते काकूंचे. काकूंचं माहेर उल्हासनगर कॅम्प चारचं, सगळा सिंधी शेजार. पूर्वी दर रविवारी तिकडे जाऊन डाळ-पकवान खाऊन यायच्या. पकवान म्हणजे मैद्याची कडक तळलेली पुरी, पापडाएवढी. आता घरात दुधी, ओटचं थालीपीठ आणि जवसाची चटणी. "यांच्यापायी माझी जीभ मेली गं," काकू म्हणायच्या. "पण दोन माणसांत दोन स्वयंपाक कोण करणार? यांना चालेल तेच मी खाते."

मला काकूंची कीव यायची आणि काकांचा संताप. स्वतःला जपा की, बायकोला कशाला उपाशी मारता?

एकदा मी स्टेशनकडे चालले होते, तर काकांनी दोघांचे रक्ताचे रिपोर्ट आणायला सांगितले. दुसऱ्याचे रिपोर्ट वाचू नयेत, मान्य. पण पाकिटं उघडी होती आणि मी काही संत नाही. काकांचा रिपोर्ट स्वच्छ होता. काकूंच्या कोलेस्ट्रॉलचे आकडे मात्र ठळक छापलेले, शेजारी वर जाणारे बाण.

काका जिन्यातच उभे होते. माझं तोंड बघून त्यांना कळलं.

"वाचलंस?"

"वाचलं. तुम्हाला तर काहीच नाही!"

"हळू बोल गं." त्यांनी दाराकडे बघितलं. "डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, तेलतूप सोडा. हो हो म्हणाली आणि घरी येऊन माझ्यासाठी बटाटेवडे तळले, स्वतःही खाल्ले. स्वतःसाठी वेगळी भाजी टाकणारी बाई नाही ती. चाळीस वर्षांत टाकली नाही. मग मीच पेशंट झालो. तिला वाटतं, आपलं थोडंसंच आहे, खरं दुखणं यांचं." पाकिटं माझ्या हातातून घेत म्हणाले, "तिची आई अशीच गेली, स्वयंपाक करता करता झटका येऊन. मला भीती वाटते गं, सुनीता."

आठवडाभर धरलेल्या त्या रागाची मला लाज वाटली. कुणाला सांगणार नाही असं मी म्हणाले आणि नाही सांगितलं.

मी ब्लाउज शिवते. अस्तर आणायला मागच्या रविवारी कॅम्प चारला गेले, तर एका डाळ-पकवानच्या गाडीपाशी काका! हातात खाकी कागद, समोर वैतागलेला गाडीवाला.

"अरे साईं, पकवान तो तला ही जाता है!" तो मला साक्षीला धरून म्हणाला. "चार इतवार से मेरा दिमाग खा रहे हैं."

"गेले दोन महिने फिरतोय," काका मला म्हणाले. "सगळीकडचा माल रिजेक्ट. झोपेतसुद्धा पकवानचं नाव काढते ती."

शेवटी त्या माणसानंच हात टेकले. कणकेचं एक पकवान लाटलं, तव्यावर सावकाश कडक भाजलं, वरून बोटानं जरासं तेल लावलं आणि काकांपुढे ठेवलं. सोबत बिनफोडणीची डाळ.

काकांनी कागद दाबला. वीसपर्यंत मोजलं. उन्हात धरला आणि बराच वेळ बघत राहिले. मग कागद माझ्याकडे वळवला.

"माझी नजर आता कमी झालीय. डाग दिसतो का गं?"

कापडावरचे तेलाचे डाग ओळखण्यात माझं आयुष्य गेलंय. कोपऱ्यात मुगाएवढा होता.

"कुठाय डाग?" मी म्हणाले.

"पास," काका म्हणाले. कागदाची घडी करून त्यांनी खिशात ठेवली.

"पण काकूंना काय सांगणार?"

"मलाच खावंसं वाटलं म्हणेन. एकट्याला जात नाही म्हणेन, मग बसेल ती." आणि गाडीवाल्याकडे वळून म्हणाले, "साईं, दो बांध दो. एक जरा बडा बनाना."