विचारलं म्हणून सांगा

एवारिस्तोची चूक तोर्तियाच्या दुकानात झाली. मक्याच्या गरम पोळ्यांचं, तोर्तियांचं, पुडकं हातात देताना दुकानवाली चोले सवयीने म्हणाली, "रेमेदिओसबाईंना विचारलं म्हणून सांगा." एवारिस्तोही चाळीस वर्षांच्या सवयीने म्हणाला, "सांगतो."

त्याची बायको रेमेदिओस वारून चार महिने झाले होते. चोले जीभ चावून आत पळाली. रांगेतल्या बायकांनी मात्र तिची चूक सोडली आणि त्याची धरली. चोलेचं वाक्य तोंडातलं, निघून गेलं. पण म्हातारा 'सांगतो' म्हणाला, तो कुणाला सांगणार?

दुपारी ही गोष्ट आत्लिस्को गावाच्या चौकात पोचली, तेव्हा गोष्टीतला एवारिस्तो बायकोशी गप्पा मारत होता. संध्याकाळी ती पुएब्ला शहरात, त्याच्या थोरल्या मेव्हणीच्या घरी पोचली, तेव्हा तो बायकोला पानही वाढत होता.

ही मेव्हणी, एर्मेलिंदा, दुसऱ्या दिवशीच बसने आली. येताना तिने एक रिकामी बॅग आणली होती, त्याचे कपडे भरायला. आधी तिने स्वयंपाकघर तपासलं. एक ताट, एक पेला. ती जरा हिरमुसली. तरी निकाल ठरलेलाच होता: एकट्याने राहून याचं डोकं बिघडणार, याने पुएब्लाला तिच्या मागच्या खोलीत राहावं. त्या खोलीत सध्या तिचे पोपट राहत होते.

"ताई, मला माझ्या घरातच राहायचंय," एवारिस्तो म्हणाला.

"मग शहाण्यासारखं वाग. कुणी तिला विचारलं तर सरळ सांगायचं, ती वारली. मी आठवडाभर इथेच आहे. बघते."

एवारिस्तो सांगितलेलं ऐकणारा माणूस. बूटपॉलिशवाला बरेच दिवस मुलीकडे गेला होता. त्याने बाईंना विचारलं म्हणून सांगा म्हटलं, याने सरळ सांगितलं. पॉलिशवाला ब्रश टाकून रडायला लागला. एवारिस्तो एक चकचकीत आणि एक मळका बूट घालून घरी आला. न्हाव्याला तर सगळं माहीत होतं, तो अंत्यविधीला शवपेटी धरून चालला होता. तरी एवारिस्तो खुर्चीतून उठताना न्हाव्याच्या तोंडून ते वाक्य गेलंच. एवारिस्तोने त्यालाही सरळ सांगितलं. न्हावी इतका शरमला की तो पैसे घेईना, आणि पुढच्या गिऱ्हाइकाचे कल्ले एक वर, एक खाली झाले.

तिसऱ्या दिवसापासून माणसं रस्ता ओलांडून पलीकडे जाऊ लागली. ज्या गावात निरोप घ्यायचा तर एकदा खुर्चीत, एकदा दारात आणि एकदा रस्त्यावर घेतात, तिथे एवारिस्तोला कुणी साधं 'येतो'सुद्धा म्हणेना. चोले पुडकं काउंटरवर ठेवून छताकडे बघायची.

अखेर चोलेच एर्मेलिंदाकडे तक्रार घेऊन आली. म्हाताऱ्याने सगळ्या गावाचा जीव नकोसा केलाय म्हणाली.

एर्मेलिंदाने त्याला समोर बसवलं. "अरे, माणसं सवयीने बोलतात. नुसतं 'सांगतो' म्हणायला तुझं काय जातं?"

"मी तेच म्हणालो होतो, ताई."

तिने आपली रिकामी बॅग उचलली. पाचच्या बसला अजून वेळ होता. खुर्चीतला निरोप झाला, दारातला झाला. रस्त्यावर मात्र ती थांबली आणि हळूच म्हणाली, "खरं सांग. तू सांगतोस का तिला?"

एवारिस्तोला वाटलं, नाही म्हणावं. त्याचं घर राहणं त्या एका शब्दावर अवलंबून होतं. पण त्याला खोटं कधी जमलं नव्हतं.

"सांगतो. भांडी घासताना. कुणी कुणी विचारलं, एवढंच. गेले काही दिवस कुणी विचारलंच नाही, म्हणून गप्प होतो."

एर्मेलिंदाने बॅग दाराशी टेकवली.

"आणि मी? माझं काय सांगितलंस?"

"तू कुठे विचारलंस, ताई? आल्यापासून तू फक्त माझीच चौकशी केलीस."

कोपऱ्यावर बस आली, थांबली आणि गेली.

"आजची भांडी घासलीस?" एर्मेलिंदाने विचारलं.

"नाही अजून."

"चल," ती म्हणाली, आणि बाह्या वर सारत त्याच्या पुढे घरात शिरली.