कुंकू लागलेला ब्लॉक

किसनराव मोरीवर पाय धूत होते, तेवढ्यात झुंबरबाईंनी अंगणात उतरवलेल्या इंजिनाच्या ब्लॉकला हळदकुंकू लावून टाकलं. नुसतं बोट टेकवलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण विळ्यापासून टेबलफॅनपर्यंत त्यांच्या घरात लोखंडाची एकही वस्तू कोऱ्या कपाळानं राहिली नव्हती. त्यांनी वाटीत गोडेतेल घेऊन त्यात कुंकू कालवलं आणि ब्लॉकच्या चारही अंगांना ठसठशीत स्वस्तिकं काढली.

"अवं, हे काय करून ठेवलं तू!" किसनराव ओल्या पायानं धावत आले.

"पूजा केली. काऊन? नवं लोखंड घरात आलं, त्याले काय तसंच ठेवू?"

"नवं नाही ते, जुनं आहे!"

"आपल्याले तं नवंच आहे ना."

किसनरावांना आठवत होता तो दुसरबीडचा भंगारवाला इंद्रभान. ब्लॉक देताना तो म्हणाला होता, "मिस्त्रीले दाखवा. फुटका निंघाला तं वापस घेतो, दुसरा देतो. पण हळदकुंकू लागलं का माल तुमचा." लोक पूजा करून हंगामभर इंजिन चालवतात आणि मग फुटका म्हणून आणून टाकतात, असा त्याचा अनुभव होता. ही अट किसनरावांनी बायकोला सांगितली नव्हती. त्यांच्या मते अटी बायकांना सांगण्यात अर्थ नसतो.

आणि ब्लॉक तर आत्ताच हवा होता. उंद्रीच्या शिवारात किसनरावांची बीटी कपाशी बोंडांनी लगडलेली होती. मागची दोन वर्षं पावसानं दगा दिला होता आणि बियाण्याच्या पाकिटावरच्या चित्रासारखी कपाशी त्यांनी पहिल्यांदाच स्वतःच्या वावरात पाहिली होती. पण पाऊस दडी मारून बसला. विहिरीला पाणी होतं, तर विजेची डीपी जळाली होती, आणि नवी डीपी पोळ्यापासून रोज उद्या येत होती. या आठवड्यात एक पाणी मिळालं तर बोंडं भरणार होती, नाहीतर गळणार होती. विहिरीवरच्या जुन्या डिझेल इंजिनाशिवाय गती नव्हती आणि त्या इंजिनाचा ब्लॉक गेल्या वर्षीच फुटला होता.

झुंबरबाई भाकरी टाकायला आत वळताच किसनरावांनी पुरावा नष्ट करायला घेतला. घासलेटात फडकं बुडवून त्यांनी स्वस्तिकं घासली. कुंकू बाजारचं, रंग सोडणारं. स्वस्तिकं गेली, पण रंग गेला नाही, तो पसरला. त्यांनी आणखी घासलेट ओतलं. तो आणखी पसरला. बशीरमिस्त्री हातोडी घेऊन आले तेव्हा ब्लॉक आतूनबाहेरून रंगपंचमी खेळून आल्यासारखा दिसत होता.

"किसनभाऊ, याची काय लगीनघाई होती का?" बशीरमिस्त्रींनी विचारलं.

"तुम्ही तपासा हो पहिले. मग सांगतो."

बशीरमिस्त्रींचा हात नामी होता, पण जन्मभर इंजिनांशेजारी उभं राहून कान मात्र कामातून गेले होते. चांगलं लोखंड खणखणीत वाजतं आणि तडा असेल तर बद्द, हे त्यांना ठाऊक होतं. फक्त कसं वाजलं ते दुसऱ्याला विचारावं लागे. त्यांनी हातोडी मारली.

"कसा वाजला?"

"खणखणीत!" किसनराव म्हणाले. त्यांना तसाच हवा होता.

"बद्द," कुंपणावरून आवाज आला. तो शेजारच्या पंजाबरावांचा होता. किसनरावांनी वर म्हटलं की खाली म्हणायचं, एवढं एकच व्रत पंजाबराव निष्ठेनं पाळत.

"भाभी, तुमी सांगा."

"माह्या तव्यासारखा वाजला," झुंबरबाई चुलीपासून ओरडल्या. तवा कसा वाजतो हे कोणालाच माहीत नव्हतं.

शेवटी बशीरमिस्त्रींनी खडूच्या भुकटीचा डबा काढला. घासलेट तड्यात मुरतं. मग ब्लॉक कोरडा पुसून वर पांढरी भुकटी टाकली की मुरलेलं घासलेट बाहेर येतं आणि तडा ओलसर रेघ होऊन दिसतो. ब्लॉक पुसला, भुकटी टाकली, सगळे वाकले. बोल्टाच्या भोकापासून पाण्याच्या कप्प्याकडे हळूहळू एक लालभडक रेघ उमटली.

"गेला," पंजाबराव कुंपण ओलांडून आत येत म्हणाले.

इंद्रभानची अट किसनरावांनी आता सगळ्यांसमोर बोलून टाकली. कुंकू लागलेला ब्लॉक इंद्रभान घेणार नव्हता आणि डोळ्यांपुढं बोंडं गळायला लागली होती. "तडा नसन तो! कुंकवाचा डाग असन!"

"असू शकते," बशीरमिस्त्री दाढी खाजवत म्हणाले. "लाल रेघ मी बी आजवर पाह्यली नाही. असं करू, ज्याचा तडा पक्का माहीत आहे त्या ब्लॉकवर हेच करून पाहू. तुमचा जुना ब्लॉक कुठी आहे?"

जुना ब्लॉक अंगणातच होता. गेल्या वर्षीपासून त्याच्यावर तुळशीची कुंडी होती. झुंबरबाईंनी तुळशीची क्षमा मागून कुंडी उतरवली. जुन्या ब्लॉकला कुंकू, घासलेट, फडकं, भुकटी असा सगळा साजशृंगार झाला. सगळे वाकले. वाट पाहिली. भुकटी पांढरीशुभ्रच राहिली.

"तडा कुठी गेला?" बशीरमिस्त्रींनी विचारलं.

"असन ना! मी सोता पाह्यला!" किसनराव चिडले. गेल्या वर्षी इंजिनाच्या तेलात पाणी जाऊन ते दुधाच्या चहासारखं झालं तेव्हा बशीरमिस्त्री लेकीकडे जानेफळला गेले होते. 'ब्लॉक फुटला' हे निदान किसनरावांनी स्वतः केलं होतं आणि पारावर बसून गावभर सांगितलं होतं. "नीट टाका भुकटी. त्या अंगाले पाहा."

त्या अंगाला पाहिलं. या अंगाला पाहिलं. ब्लॉक उलटा केला. किसनराव गुडघ्यांवर बसून, नाक लावून तडा शोधत होते आणि तो मिळत नव्हता तसतसे हिरमुसत होते.

"अहो, जुना ब्लॉक चांगला निंघाला," पंजाबराव म्हणाले, "अन् तुम्ही मयतीले आल्यासारखं तोंड काऊन केलं?"

तेव्हा कुठं किसनरावांच्या डोक्यात प्रकाश पडला. बशीरमिस्त्री उठून गोठ्यातून इंजिनाचं हेड घेऊन आले. त्याला चिकटलेली, हेड आणि ब्लॉकमधली पॅकिंग एका बाजूनं बोटभर जळून गेली होती. "हे पाहा. पाणी इथून तेलात गेलं. ब्लॉकाचा काही गुन्हा नव्हता."

"पण वर्षभर तुळशीखाली होता. गंजला असन," किसनराव अजून हट्ट सोडेनात.

"कसा गंजन?" झुंबरबाई पदराला हात पुसत आल्या. "दर अमावास्येला तेल लावते मी त्याले. पूजेचं लोखंड आहे ते."

बशीरमिस्त्रींनी सिलिंडरमध्ये हात फिरवला आणि बोटांना लागलेलं तेल सगळ्यांना दाखवलं. नवी पॅकिंग त्यांच्या पेटीतच होती. जाताना त्यांनी झुंबरबाईंना हळूच विचारलं, "भाभी, हे कुंकू कोणत्या दुकानातलं? मले बी एक पुडी पायजे. तडा कसा झकास दिसला!"

दुसऱ्या दिवशी दुपारी इंजिनानं धुराचा एक काळा लोट टाकला, खोकलं, आणि धडधड चालू झालं. पाणी कपाशीच्या पहिल्या तासात, दोन ओळींमधल्या सरीत शिरलं तेव्हा किसनराव चपला काढून चिखलात उभे राहिले. वाकून त्यांनी एका कोमेजलेल्या पानावर पाणी शिंपडलं. यंदा पीक होईल, असं त्यांना मनापासून वाटलं. झुंबरबाईही शेताच्या धुऱ्यावर उभ्या राहून पुढं सरकणारं पाणी पाहत होत्या.

पण माणूस शेवटी किसनरावच. संध्याकाळी घरी आल्यावर अंगणात बसून ते म्हणाले, "तडा होता, हे मी आजही सांगतो. वर्षभर तुळशीखाली राह्यला ना, म्हणून बुजला."

झुंबरबाईंनी दुसरबीडचा ब्लॉक ओढत कोपऱ्यात नेला, त्याच्यावर तुळशीची कुंडी ठेवली आणि दिवा लावला.

"मंग हा बी बुजन," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी इंद्रभानले नेऊन दाखवजा. पण कुंकू पुसायचं काम आता माह्याकडं द्या, तुमाले नाही जमत ते."