जमादारांची गिनती

लग्नाची पंगत बसली की आमच्या गावचे वाढपी भाताची पातेली खाली ठेवून उभे राहत. कारण आधी जमादारांची गिनती व्हायची असे. जमादार या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटाने दोन-दोन माणसं जोडत जात, "जोडी, जोडी, जोडी..." आणि शेवटाला कुणी एकटा उरला की कासावीस होत. एकदा नवऱ्याचा मामाच एकटा उरला. जमादारांनी भटजींना सोवळ्यासकट उठवून त्याच्या शेजारी बसवलं, तेव्हा कुठे भात पानात पडला.

त्यांचं नाव गोविंद. पण त्या नावाने त्यांना फक्त त्यांची बायको हाक मारत असावी. घाटावरच्या एका जेलात सत्तावीस वर्षं चाकरी करून ते पळसदरीजवळच्या आमच्या गावात, म्हणजे बायकोच्या माहेरी, राहायला आले. वर्षभरात बायको गेली. कैद्यांना जोडीजोडीने बसवून मोजायची सवय मात्र गेली नाही. ते एसटी मोजत, भजनी मंडळ मोजत, धरणावर आलेले मुंबईचे पाहुणेही मोजत. "सत्तावीस वरसांत माजी गिनती एकदा चुकली नाय," हे वाक्य चहाच्या आधी एकदा आणि चहानंतर एकदा ऐकायला लागे.

गाव हसायचं. मला हसू यायचं नाही. माझा थोरला भाऊ दत्तूदादा मुंबईला गोदामात कामाला असताना एका मारामारीत सापडला आणि आठ महिने आत जाऊन आला होता. गावाला आम्ही सांगितलं, सुरतेला होता. आई चारचौघींत ताठ मानेने वावरायची ती या एका थापेवर. जमादार पहिल्यांदा एसटीतून उतरले त्या दिवशी दादा घरी येऊन मटकन खाटेवर बसला. म्हणाला, "ह्या मानसानं मला रोज सकाळ-संध्याकाळ मोजलाय रं."

तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला. कुलपं लावण्यात ज्याचा जन्म गेला, त्याच्या तोंडाला कुलूप लावणार कोण?

अशातच कर्जतच्या पत्र्याच्या टॉकीजला तुरुंगातल्या चोरीचा एक सिनेमा लागला. त्यातल्या हिरोचं नाव सांगत नाही, त्या वेळी ते घेतलं तरी भांडणं व्हायची. दारूच्या नशेत कुणाला तरी बडवून तो खरोखरच आत जाऊन आला होता. असल्या माणसाचा सिनेमा कुणी बघायचा नाही, असा भजनी मंडळाने ठराव केला. रविवारी तीनच्या खेळाला सगळं भजनी मंडळ हजर. जमादारांनी मोजलं, सात जोड्या.

मी मध्ये, एका बाजूला जमादार, दुसऱ्या बाजूला दादा. दादाला मी नको म्हणत होतो. पण सगळं गाव जाताना तो एकटाच घरी राहिला असता तर तेही डोळ्यांवर आलं असतं.

सिनेमात हिरो तुरुंगात राहूनच जेलरची तिजोरी फोडायचा बेत करतो. घोंगड्यांखाली पेंढा भरून ठेवतो आणि साथीदारांसह बराकीतून सटकतो. पडद्यावरचा शिपाई बाहेरूनच घोंगड्या मोजून पुढे गेला, आणि जमादार ताडकन उभे राहिले. "घोंगड्या काय मोजतोस रं? उठवून बसव त्यांना! जोडीनं मोज!"

"जमादार, खाली बसा," मागून आवाज आला.

"मी बसलो तर हे पळतील."

आणि ते पळालेच. जमादार हळहळत खाली बसले. मग हिरो जेवताना दाखवला, तेव्हा ते एकदम शांत झाले. माझ्याकडे झुकून म्हणाले, "ह्यो खराच आत जाऊन आलाय. बघा, ताटाला डाव्या हाताचं कुंपण घातलंय. हे कोनी शिकवून येत नाय, मास्तर."

दादा घरी अगदी तसाच जेवायचा. आई म्हणायची, "तुजं ताट कोन पळवतंय रं?"

मध्यंतरात दारं उघडली. मागच्या बाकावर वाण्याच्या दुकानाचे गणूशेट होते. त्यांना दुसऱ्याच्या घरातलं जरा जास्तच कळायचं. शेंगा सोलत त्यांनी विचारलं, "जमादार, तुमी एवढी मानसं मोजलीत. आपल्या गावचा कोनी होता का हो आत?" विचारलं जमादारांना, पण बघत होते दादाकडे.

सगळ्या माना वळल्या. दादाने खाली घातलेली मान वर केली नाही. माझ्या डोळ्यांपुढे घरी असलेल्या आईचा चेहरा आला.

जमादारांनी वर पत्र्याकडे बघितलं. बोटं दोन-दोन करत बराच वेळ हलत राहिली. सत्तावीस वर्षांची माणसं खरोखरच मोजत होते जणू. मग म्हणाले, "एकबी नाय."

"नीट आठवा."

"सत्तावीस वरसांत माजी गिनती एकदा चुकली नाय, शेट. तुमी शेंगा खा."

शेटनी शेंगा खाल्ल्या. विषय तिथेच संपला, तो कायमचा.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्यांच्याकडे गेलो. ते चुलीपुढे बसून एकट्यापुरता भात शिजवत होते. वाटेत चार वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवेना. "जमादार, काल तुम्ही..." एवढंच म्हणालो.

"चुकली गिनती," ते चुलीत लाकूड सारत म्हणाले. "वय झालं मास्तर, व्हायचंच." आणि जरा थांबून म्हणाले, "दत्तूला जेवायला पाठवा कवातरी. ही गेल्यापासनं माजी घरात जोडी होत नाय."

पुढच्या रविवारपासून दादा त्यांच्याकडे जेवायला जाऊ लागला, तो जमादार होते तोवर. त्या माणसाचे उपकार मला फेडता आले नाहीत आणि फेडून मोकळं व्हावं असंही कधी वाटलं नाही. ते दोघं जेवताना काय बोलत, मला ठाऊक नाही. पण पुढच्या शिमग्याला आईने आम्हाला पुरणपोळी वाढली आणि वाढता वाढता थांबली. दादाचा डावा हात मांडीवर होता, ताटाभोवती नव्हता. तिने आणखी दोन पोळ्या फडक्यात बांधल्या आणि मला म्हणाली, "जा, जमादारांना देऊन ये. गरम हायत तवर."