ड्राइव्हचा पत्ताबदल

पत्ताबदल विभागातल्या टेबलावर नवा संगणक बसवण्यात आला, ही घटना तशी साधी. त्याचे सुटे भाग चार वेगवेगळ्या समित्यांनी निवडले होते आणि तरीही ते एकमेकांत बसले, एवढीच त्यातली असाधारण बाब. आता जुन्या संगणकातली, सगळी माहिती साठवलेली ड्राइव्ह काढून नव्यात घालायची होती. आदेश स्पष्ट होता : 'ड्राइव्ह जशीच्या तशी स्थलांतरित करावी. कामकाजात खंड पडल्यास तो पडला नाही असे समजावे.'

या टेबलामागच्या लिपिकाला लोक माघारी पुरावेसाहेब म्हणत. घर बदललेला माणूस नव्या पत्त्याचा दाखला मागायला आला, की साहेब त्याच्याकडे जुन्या घरमालकाचं पत्र मागत : 'हा इसम येथून गेला.' घरमालक वारला असेल, तर तो वारल्याचा कागद. हस्तलिखित कागद ते हातातही धरत नसत. तो नियम त्यांनी स्वतः डोकं चालवून काढला होता आणि त्यासाठी त्यांना प्रशस्तिपत्रक मिळालं होतं.

दोन महिन्यांपूर्वी साहेबांनीही घर बदललं. शुक्रवारी त्यांच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं आणि इस्पितळाला नव्या पत्त्याचा दाखला हवा होता, नाहीतर तारीख जाणार होती. घरचंच काम म्हणून साहेबांनी ते मागे ठेवलेलं. दाखला ड्राइव्हवर तयार होता, फक्त छापायचा राहिला होता.

"अरे, आणलास का कागद?" आई रोज विचारायची.

"आई, माझ्याच हातात आहे गं ते," साहेब म्हणायचे.

बुधवारी संगणक दुरुस्त करणाऱ्या बाई आल्या. "चार स्क्रू, दहा मिनिटं," म्हणाल्या, आणि खरोखरच दहा मिनिटांत त्यांनी ड्राइव्ह नव्या यंत्रात बसवली. बटण दाबलं. पडदा निळा झाला आणि त्यावर मजकूर आला : यंत्र अनोळखी आहे. अठ्ठेचाळीस आकडी किल्ली द्या.

"म्हणजे काय, मॅडम?"

"ड्राइव्हला कुलूप आहे, साहेब. जुन्या यंत्रात होती तोवर आपोआप उघडायची. आता तिला वाटतंय, आपल्याला कुणीतरी चोरून आणलंय."

"अहो, ड्राइव्ह तीच, टेबल तेच, मी तोच!"

"तुम्ही तेच आहात हो. पण तिला पुरावा पाहिजे."

टेबलासमोरच्या रांगेत कुणीतरी उगाचच खोकलं.

"किल्ली जपून ठेवली असेल ना?" बाईंनी विचारलं.

साहेबांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "म्हणजे काय! ड्राइव्हवरच आहे. 'अतिमहत्त्वाचे' नावाच्या फोल्डरमध्ये."

बाईंनी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "आणि दुसरी प्रत?"

"परिपत्रकात एकच ठेवा म्हटलं होतं. दोन ठेवणं धोक्याचं."

"बरं. मग ड्राइव्ह परत जुन्या यंत्रात लावू, किल्ली उतरवून घेऊ. पाच मिनिटांचं काम."

उपाय शहाणपणाचा होता, त्यामुळे तो चालणार नव्हता. एक मोडकी खुर्ची उचलायला ज्या भांडारपालांनी सात वर्षं घेतली होती, त्यांनी जुना संगणक या दहा मिनिटांत निकाली काढला होता. त्यांना वर्षाचं उद्दिष्ट गाठायचं होतं. त्याच्या मुख्य पाटीला, म्हणजे मदरबोर्डला, नियमाप्रमाणे तीन भोकं पाडून झाली होती.

"माहिती सुरक्षित राहावी म्हणून," भांडारपाल अभिमानाने म्हणाले.

"राहिली," बाई म्हणाल्या.

शेवटी बाईंनीच सांगितलं, की मुख्यालयातल्या संगणक कक्षात सगळ्या किल्ल्यांची प्रत असते. साहेबांनी घाईघाईने फोन लावला.

"आहे की किल्ली," पलीकडचा अधिकारी गोड आवाजात म्हणाला. "फक्त ड्राइव्हचं यंत्र बदललं, म्हणजे तिचा पत्ता बदलला. पत्ताबदलाचा दाखला पाठवा, लगेच देतो."

"अहो, तो दाखला आम्हीच देतो!"

"मग तर सोपंच झालं."

"पण तो याच संगणकातून निघतो!"

"मग हाताने लिहून... नाही, थांबा. हस्तलिखित चालत नाही. तुमच्याच विभागाचं परिपत्रक आहे समोर. फार छान लिहिलंय हो."

गुरुवार अर्ज लिहिण्यात आणि ते परत येण्यात गेला. शुक्रवारी सकाळी साहेब आईचा हात धरून इस्पितळाच्या खिडकीशी उभे राहिले. आतल्या बाईंना त्यांनी ड्राइव्ह, कुलूप, किल्ली आणि तीन भोकं, सगळं सांगितलं. बाईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे दाखला नाही."

"दाखले देणारा माणूसच तुमच्यासमोर उभा आहे! ही माझ्या घरी राहते, असं मी सांगतोय!"

"तुम्ही यांचे कोण?"

"मुलगा."

"मग तुमचं कसं धरणार? जवळचे पडलात."

साहेबांचा आवाज फाटला. इतकं अपमानित त्यांना आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. "जिवंत बाई समोर उभी आहे, तिच्या डोळ्यातला पडदा इथून दिसतोय, तरी कागद मागता? माणसं आहात की कोण?"

आधारासाठी ते मागे वळले. रांगेतल्या पाच-सहा जणांनी त्यांच्याच टेबलाशी हेलपाटे घातले होते. दुःख कुणाला कळणार असेल तर यांनाच, असं साहेबांना मनापासून वाटलं.

"नियम म्हणजे नियम, साहेब," पहिला म्हणाला. "एकाला सूट दिली की सगळेच मागतात."

"घरून तयारीनिशी यावं माणसाने," दुसरी म्हणाली.

"आटपा हो," तिसऱ्याने घड्याळ पाहिलं. "आमचाही नंबर आहे."

खिडकीतून नवी तारीख मिळाली. चार महिन्यांनंतरची.

"चल," आई म्हणाली. "मला दिसत नाही, पण ऐकू येतं सगळं."

पायरी चुकू नये म्हणून ती चाचपडत, भिंतीला हात लावून निघाली.

साहेबांची कशी जिरली, म्हणून इथवर वाचताना तुम्हाला बरं वाटलं असेल. जिरली ती आईची. आणि 'आटपा' म्हणणारा तो तिसरा माणूस आम्ही नीट पाहिला आहे. तुमचे कागद क्रमाने लावलेले होते, सगळ्यांवर सही होती. तुमचं काम त्या दिवशी पाच मिनिटांत झालं, आणि घरी येऊन तुम्ही सांगितलंत, की हल्ली व्यवस्था बरीच सुधारली आहे.